पोळ्याला सजलेला डायनामो

टिक्.

दुपारच्या निजानीज झालेल्या घरात एवढाच आवाज झाला. तो कोणाच्या कानी गेला नाही. मला मात्र स्वच्छ ऐकू आला, कारण तो माझ्या पोटातच झाला होता. अनुपमाच्या हातातली टाचणी निसटली, माझ्या उघड्या झाकणातून आत पडली आणि खाली न जाता आतल्या लोखंडाला जाऊन चिकटली. अनुपमा वाकून बघत राहिली. तिने टाचणी सोडवली, जरा दूर धरली, पुन्हा सोडली. पुन्हा टिक्.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "अजून आहे की!"

मित्रांनो, मी एक जुना डायनामो आहे. अमरावतीतल्या एका घराच्या मागच्या गॅलरीत, उन्हाळ्यानंतर झाकून ठेवलेल्या कूलरच्या शेजारी माझा मुक्काम असतो. डायनामो म्हटलं की तुमच्या आजोबांना सायकलच्या चाकाला घासत फिरणारी छोटी बाटली आठवेल. ती माझी पुतणी. मी जीपचा. जाड लोखंडाचं नळकांडं, त्यात तांब्याच्या तारा गुंडाळलेला फिरता आस आणि आतल्या भिंतीला तारांच्या दोन घट्ट गुंडाळ्या, एवढाच माझा संसार.

कारखान्यात मी पुरता घडलो, तरी माझ्यात जीव नव्हता. मग एका कारागिराने मला क्षणभर बॅटरी जोडली आणि लगेच काढून घेतली. बॅटरी गेली, पण तिने दिलेला चुंबकपणाचा एक कण माझ्या लोखंडात मुरून राहिला. अगदी थोडा, टाचणी धरण्यापुरता. पुढचं सगळं आयुष्य मी त्या कणावर काढलं.

कसं ते सांगतो. माझा आस फिरला की त्या कणामुळे तारांत थोडीशी वीज उठते. तिच्यातली काही मी भिंतीच्या गुंडाळ्यांना देतो. त्यामुळे लोखंडाचं चुंबक जरा जोर धरतं. चुंबक वाढलं म्हणून वीज वाढते, वीज वाढली म्हणून चुंबक वाढतं. बघता बघता कणाचा मण होतो. बाहेरून मला फक्त फिरवणारं कोणी तरी लागतं.

जीप म्हातारी झाली तेव्हा अंजनगाव सुर्जीच्या महादेवरावांनी मला उतरवून घेतलं. ते तेव्हा जवान होते. शेतातल्या ऑइल इंजिनाला पट्टा लावून त्यांनी मला फिरवलं आणि खळ्यावर पहिल्यांदा बल्ब लागले. ज्वारीची मळणी माझ्या उजेडात झाली. खंजिरीच्या भजनाला मी उजेड दिला. महादेवरावांचं लग्नही माझ्याच उजेडात लागलं. आशाबाई अजून सांगतात, "त्या पिवळ्या उजेडात हे गोरे दिसले, म्हणून मी फसली!"

पुढे गावात विजेचे खांब आले. माझं काम सुटलं. मग बैलजोडीही विकली आणि महादेवराव-आशाबाई अमरावतीला मुलाकडे, अंकुरकडे, राहायला आले. येताना महादेवरावांनी मला पोत्यात घालून आणलं. भंगारवाला गल्लीत ओरडला की आशाबाई माझ्याकडे बघायच्या आणि महादेवराव आशाबाईंकडे. तेवढ्यावर मी वाचत आलो.

अनुपमा ही त्यांची सून. ती कॉलेजात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवते आणि सर्पिल आकाशगंगांमध्ये चुंबकीय क्षेत्र कसं वाढतं, याचा अभ्यास करते. तिची मुलगी जुईली दुपारी शाळेतून येऊन, जेवून झोपली की अनुपमा लॅपटॉप घेऊन गॅलरीत यायची. धान्याची रिकामी कोठी हे तिचं टेबल. जुईली उठेपर्यंतचा वेळ तेवढा तिचा.

आशाबाई टोमणा मारायच्या, "आभायातल्या चुंबकानं पोया भाजत असतील, तर मले बी एक आणजो, सूनबाई." पण शेजारीण दारात आली की त्याच आशाबाई हळूच दार लोटून घेत. "आता नको, माय. आमची सून अभ्यास करून राहिली."

अनुपमाला मनातल्या मनात वाचून समजत नाही. ती मोठ्याने बोलते. गॅलरीत ऐकायला मी आणि कूलर. कूलरला त्यात रस नव्हता. मी मात्र कानात प्राण आणून ऐकायचो, कारण ती आकाशाबद्दल बोलायची आणि मला ते आपल्याच घरातलं बोलणं वाटायचं.

मित्रांनो, आकाशगंगा म्हणजे नुसते तारे नव्हेत. ताऱ्यांच्या मध्ये विरळ वायू आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा वायूत विजेचा भार मोकळा फिरतो. अशा वायूत चुंबकीय रेषा अडकून पडतात. वायू जिकडे जाईल तिकडे त्यांनाही फरफटत जावं लागतं. आता बघा, मोठे तारे मरताना फुटतात, त्या स्फोटांनी वायू ढवळून निघतो. रेषा ताणल्या जातात, पिळल्या जातात, दुमडल्या जातात. त्यात सगळी आकाशगंगा गरगर फिरते, आणि तीही एकसारखी नाही. आतला वायू आपली फेरी लवकर उरकतो, बाहेरचा मागे राहतो. मग आडव्या-तिडव्या रेषा गोल गोल ओढल्या जातात. स्फोटांनी वर उचललेला वायू फिरण्यामुळे वळतो आणि त्यातून नव्या रेषा उभ्या राहतात, त्याही पुन्हा गोल ओढल्या जातात. असं कोट्यवधी वर्षं चालतं. शेवटी लाख प्रकाशवर्षांच्या त्या पसाऱ्यात, सर्पिल बाहूंच्या वळणाने जाणारं एक चुंबक तयार होतं.

आणि त्याचा जोर किती? आपली पृथ्वी होकायंत्राची सुई फिरवते, तिच्याहूनही हजारो पटींनी कमी! एवढं नाजूक, आणि एवढं अफाट. ते तिथे आहे हे कळतं कसं, तर दूरवरून येणाऱ्या रेडिओ लहरी त्यातून जाताना आपल्या थरथरण्याची दिशा जराशी वळवतात. तेवढ्या वळणावरून माणसं ते ओळखतात. मला तर दोघांचंही नवल वाटतं. त्या आकाशगंगेचं, आणि गॅलरीत बसून तिची नाडी बघणाऱ्या या बाईचं.

अनुपमाचा घोर वेगळाच होता. जुईलीच्या जन्मामुळे तिचं काम मागे पडलं होतं. पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. अकोल्याच्या एका कॉलेजात संशोधन समितीपुढे तिला बोलायचं होतं. समितीला पटलं तर मुदतवाढ, नाही तर नोंदणी रद्द. मागच्या वेळी समितीतल्या हरिहर सरांनी विचारलं होतं, "मॅडम, समीकरणं राहू द्या. साध्या शब्दांत सांगा, एवढंसं चुंबक आपोआप वाढतं कसं?" आणि तिची दातखीळ बसली होती. समजलेलं सांगता न येणं तिला फार लागलं होतं.

एका सकाळी जुईलीची पोनी बांधताना तिने केसांचं रबर ताणलं, आठाच्या आकड्यासारखं पिळलं आणि दुमडून पुन्हा केसांवर चढवलं. आणि तशीच थबकली.

"आई, दुखते ना! सोड!" जुईली ओरडली.

"थांब गं. अगं, एकाचे दोन झाले!"

"काय दोन?"

"पदर! ताण, पीळ, दुमड. रबर तेच, पदर दुप्पट. चुंबकाच्या रेषांचंही असंच!"

"शाळेची व्हॅन आली, आई," जुईली शांतपणे म्हणाली.

त्या दुपारी, टाचणी चिकटली तेव्हा, अनुपमाला दुसरी गोष्ट सुचली. समितीला मलाच दाखवायचं! आकाशगंगेचं आणि माझं जगणं एकाच रीतीचं. थोडं चुंबक, भरपूर फिरणं, आणि मिळालेलं पुन्हा त्यातच घालणं. महादेवरावांनी जुन्या सायकलच्या मागच्या चाकाचा टायर काढला, सायकल स्टँडवर चढवली, चाकावरून माझ्या पुलीला पट्टा लावला. सीटवर बसून पायडल मारले आणि किती तरी वर्षांनी माझा बल्ब लागला! आशाबाई पदराला हात पुसत गॅलरीत आल्या.

"काय म्हणता! जित्ता हाय?"

"तू हायस तं तोही हाय," महादेवराव धापा टाकत म्हणाले.

समिती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. पोळा जवळ आला तसे महादेवराव गप्प गप्प झाले. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना हळद-लोणी लावून ऊब देतात आणि जेवणाचं आवतन देतात. महादेवरावांच्या दारात आता बैल नव्हते. त्या दिवशी अनुपमा कॉलेजला गेलेली. ते माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले.

"आशा, उद्या पोया हाय."

"मले माहीत हाय. पुरणाची डाय निवडून राहिली मी."

"आपल्याकडे काम केलेला हाच एक उरला. त्याचेच खांदे शेकतो."

"त्या लोखंडाचे? लोक हासतीन तुमाले!"

"हासू दे."

हा माणूस मला आयुष्यभर दुरुस्त करत आला होता. तारा जळतील म्हणून त्यांनी आधी आस आणि गुंडाळ्या जपून बाहेर काढल्या. मग माझं लोखंड हातोडीने ठोकून ठोकून गंज झाडला. अंगणात शेगडी पेटवली आणि जुनं वंगण, ओल, गंजाची कड सगळी जाईपर्यंत मला लाल निखाऱ्यांवर खरपूस शेकलं. थंड झाल्यावर आस-गुंडाळ्या पुन्हा जागेवर बसवल्या, हळद-लोणी लावलं आणि माझ्या कानाशी, म्हणजे त्यांना जिथे माझा कान वाटला तिथे, पुटपुटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मित्रांनो, एवढी माया मला कोणी केली नव्हती. पण हातोडीचा घाव आणि आगीची धग या दोन गोष्टी लोखंडातलं चुंबक घालवतात. माझा कण त्या निखाऱ्यांवर विरून गेला. मला ते जाणवलं, पण मी बोलणार कसा?

पोळ्याच्या दिवशी महादेवरावांनी मला गेरू लावला, बेगड चिकटवली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि पुरणपोळीचा घास माझ्यापुढे ठेवला. अनुपमा स्वयंपाकघरातून आली आणि मला बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिने मला ओवाळलं. मला फिरवून बघावं, असं त्या गडबडीत कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंकुरने गाडी काढली. मी डिकीत, सायकल टपावर. जुईलीला मुलांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी घरी राहा म्हटलं, तर ती म्हणाली, "आई घाबरली तर तिचा हात कोण धरेल? तुम्ही सगळे तर मोठे आहात." तीही आली.

अकोल्याच्या त्या खोलीत लांब टेबलामागे समिती बसली होती. मधे अध्यक्ष पौर्णिमा मॅडम, बाजूला हरिहर सर. अनुपमाने सुरुवात चांगली केली. मग तिने मला दाखवलं, माझ्या तारांना बल्ब आणि काट्याचा मीटर जोडला आणि महादेवरावांना खूण केली. धोतर सावरून ते सीटवर बसले.

"म्हातारपणी सुनेनं सायकलवर बसवलं," ते समितीला म्हणाले, "अन् जाचं कुठीच नाही!"

सगळे हसले. पायडल फिरलं, चाक घरघरलं, माझा आस गरगर फिरू लागला. बल्ब लागला नाही. महादेवरावांनी जोर केला. मीटरचा काटा हलेना. खोलीतलं हसू विरलं आणि नुसतं चाक ऐकू येऊ लागलं.

मी जीव तोडून फिरत होतो, मित्रांनो. पण शून्याला कितीही वेळा फिरवलं तरी शून्यच.

"मॅडम," हरिहर सर म्हणाले, "आपल्याकडे वेळ कमी आहे."

अनुपमाने मीटरच्या जोडण्या चाचपून बघितल्या. मागच्या वेळसारखी तिची दातखीळ बसते की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून जुईली उठली आणि येऊन तिने आईचा हात धरला. अनुपमाने खाली बघितलं, मग सासऱ्यांकडे.

"मामाजी, परवा तुम्ही याला नक्की काय केलं?"

"काय म्हणजे? खांद शेकले. ठोकून गंज काढला, निखाऱ्यावर धरला." त्यांचे पाय थांबले. चेहरा उतरला. "काहून? माह्यानं काही बिघडलं काय, बाई?"

अनुपमाने क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

"नाही, मामाजी. उलट बरं झालं." ती समितीकडे वळली. "सर, यंत्र ठीक आहे. तारा ठीक आहेत. फिरतंही आहे. याच्या लोखंडातलं थोडंसं चुंबक परवाच्या आगीत गेलं, एवढंच कमी आहे. माझ्या सगळ्या विषयाचं पहिलं वाक्य हेच आहे. आकाशगंगा कितीही फिरली, कितीही घुसळली, तरी सुरुवातीला थोडं बीज नसेल तर काहीच वाढत नाही. आता बीज देऊन बघू. कोणाकडे सेल आहेत का?"

महादेवरावांनी पिशवीतून टॉर्च काढला. शेतकऱ्याच्या पिशवीत तो असतोच, अकोल्याला दिवसाढवळ्या आलं तरी. अनुपमाने त्यातले सेल कागदाच्या पुंगळीत एकामागे एक बसवले आणि दोन तारांनी माझ्या गुंडाळ्यांना क्षणभर टेकवले.

काय सांगू! जन्माच्या वेळी झालं होतं, तसंच झालं. अंगातून एक शिरशिरी गेली आणि तिचा अंश मागे राहिला.

"मारा, मामाजी."

पायडल फिरलं. काटा थरथरला. बल्बची तार आधी तांबूस झाली, विझल्यासारखी वाटली, मग पिवळी झाली आणि एकदम लख्ख! आणि त्याच वेळी महादेवराव ओरडले, "जड झाली हो सायकल! आतून कोनी ओढून राहिलं!"

"ऐकलंत?" अनुपमा म्हणाली. "चुंबक वाढलं की ते फिरवणाऱ्यालाच उलट रेटतं. म्हणून वाढ कुठे तरी थांबते. आकाशगंगेतही तेच. चुंबक वायूच्या घुसळणीच्या तोडीचं झालं, की तिलाच लगाम घालायला लागतं."

हरिहर सर उठून जवळ आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मीटर बघितला. "पण तुमचा काटा उलट्या बाजूला गेलाय."

"घाईत सेल उलटे लागले, सर." ती हसली. "पण वाढ सुलटी झाली तशीच उलटीही होते. ती दिशा निवडत नाही. बीज ज्या बाजूचं, ती बाजू धरून ठेवते."

"ठीक. पण तुमच्या आकाशगंगेत तारा कुठे आहेत? गुंडाळ्या कुठे?"

हा प्रश्न तिला हवाच होता. तिने जुईलीच्या एका पोनीचं रबर काढलं, सरांपुढे ताणलं, पिळलं, दुमडलं. "तिथे वायूच तार, वायूच गुंडाळी. एकाचे दोन, दोनाचे चार. मग आकाशगंगेची फिरणारी तबकडी त्यांना एका वळणाला लावते." सरांनी रबर मागून घेतलं आणि स्वतः करून बघितलं. एकदा चुकले. "आधी पिळायचं, मग दुमडायचं," जुईलीने सांगितलं. दुसऱ्यांदा जमलं, तेव्हा ते जे हसले, त्यात मागच्या वेळचे हरिहर सर कुठेच नव्हते.

मला त्या उजेडात दोघं दिसत होती. खळ्यावर मला फिरवणारा माणूस घामाने निथळून पायडल मारत होता, आणि गॅलरीत दुपार चोरून अभ्यास करणारी बाई जिभेवर सरस्वती यावी तशी बोलत होती. मित्रांनो, एखाद्याला जपायचं असेल, तर आधी त्याच्या पोटात काय आहे ते विचारा. गंज लागलेला परवडतो, पण आतला कण जायला नको. लोखंडाचं असो की माणसाचं, तो कण दिसत नाही, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं असतं. आशाबाईंना हे कोणी शिकवलं नव्हतं. तरी त्या दुपारी दार लोटून घ्यायच्या.

"थांबवा आता, आजोबा," पौर्णिमा मॅडम म्हणाल्या. "पोहोचलात तुम्ही."

चाक मंदावलं, बल्ब मावळला. मॅडमनी शेजाऱ्यांशी दोन शब्द हळू बोलून घेतले आणि मान वर केली. "अनुपमा, मुदतवाढ द्यायला आमची हरकत नाही. फक्त एक सांगा. बीज मिळाल्यावर ते कसं वाढतं, हे तर तुम्ही छान दाखवलंत. मग अजून शोधायचं काय राहिलंय? एका वाक्यात."

अनुपमाने श्वास घेतला. वाक्य जुळवायला तिने वर, छताकडे बघितलं. शेजारी एक पोनी सुटलेली जुईलीही, आई काय बघते म्हणून, वर बघू लागली. मग तिने आईचा हात ओढला.

"आई, इथे आबाजींजवळ टॉर्च होता. पण तिथे वर, सगळ्यात पहिल्यांदा, सेल कोणी लावले?"